दहावीच्या परीक्षेत दिव्यांग सवलती: नागपुरातल्या पालकांनी नववीपासून काय काय करावं

जानेवारी संपत आला की फोन सुरू होतात. "मॅडम, पोराला लेखनिक मिळेल का हो? पेपर तर पंधरा दिवसांवर आले." कायद्यानं हक्क आहे, मंडळाच्या नियमांत सोय आहे, तरी त्या वेळी हो म्हणायला जीभ रेटत नाही. रुग्णालयाची खिडकी, शाळेचं कार्यालय आणि घरचा सराव ही तिन्ही कामं आदल्या वर्षीच मार्गी लागलेली असावी लागतात. म्हणून हा लेख नववीतल्या, किंवा नुकत्याच दहावीत गेलेल्या मुलांच्या पालकांसाठी. राज्य मंडळाची दहावी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. बारावीला आणि सीबीएसईला फॉर्म वेगळे असतात, कामांचा क्रम साधारण हाच.

हक्क कुठून येतो, थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे. कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत बदल करा असं सांगताना जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहून घेणारा) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही तिन्ही नावं घेऊन लिहिलेली आहेत. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी जादा वेळेचा हिशोब ठरवला: तासाला किमान २० मिनिटं. दोन्हींची प्रिंट काढून फायलीत ठेवा. शाळेत 'असं काही नसतं' हे ऐकावं लागलं तर तोंडानं वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं जातं.

त्या २१ प्रकारांत आपल्या विदर्भातल्या पालकांनी एक मुद्दाम पाहावा, तो म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे किती घरांत हा आजार आहे ते वेगळं सांगायला नको, पण तो या कायद्यात दिव्यांगत्व म्हणून धरला जातो हे पालकांनाच काय, पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसतं. फक्त 'वाहक' असलेल्या, म्हणजे एएस रिपोर्ट असलेल्या मुलाला हे लागू होत नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर प्रमाणपत्रासाठी जरूर जा. अशा मुलाला लेखनिकापेक्षा पाण्याची बाटली, तळमजल्यावरची जागा आणि मधेच उठायची मुभा यांची गरज अनेकदा जास्त असते. अंगात पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, आणि आपल्याकडे मार्चमध्येच ऊन तापायला लागतं.

दुसरा गैरसमज ४० टक्क्यांचा. नोकरीतलं आरक्षण, उच्च शिक्षणातल्या राखीव जागा यांसाठी ४० टक्के ही अट आहेच. परीक्षेतल्या लेखनिकाबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार खटल्यात वेगळी भूमिका घेतली. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, टक्केवारी ४० च्या आत होती, आणि न्यायालयानं लेखनिक द्यायला सांगितलं. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असणाऱ्यांसाठी केंद्रानं स्वतंत्र सूचना काढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार खटल्यातही न्यायालयानं हीच दिशा पुढे नेली. तेव्हा 'तुमचे ३० टक्केच आहेत, काही होणार नाही' असं खिडकीवर कुणी म्हटलं की लगेच माघारी फिरू नका.

आधी गरज मोजा

बहुतेक पालक थेट प्रमाणपत्राच्या रांगेत लागतात. प्रमाणपत्र लागतंच, पण त्यावर आजाराचं नाव आणि आकडा असतो. तुमच्या मुलाला पेपर लिहिताना नेमकं कुठे अडतं, हे त्यात नसतं. ते शाळेत आणि घरी शोधावं लागतं आणि त्याला फार खर्चही येत नाही.

मी हे असं करते. विज्ञानाच्या एकाच धड्यावरचे, सारख्या काठिण्याचे तीन छोटे प्रश्नसंच घ्यायचे, प्रत्येकी दहा गुणांचे. पहिला मुलानं ठरलेल्या वेळेत स्वतः लिहायचा. दुसरा स्वतःच लिहायचा, पण तासाला २० मिनिटं या हिशोबानं वेळ वाढवून. तिसरा तोंडी सांगायचा आणि दुसऱ्या कुणीतरी लिहून घ्यायचा. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, आणि शक्यतो तपासणारी व्यक्ती एकच.

समजा पहिल्यात तीन, दुसऱ्यात सात आणि तिसऱ्यातही सातच गुण आले. मग अडचण वेगाची आहे. जादा वेळ पुरेसा आहे, लेखनिकाच्या भानगडीत पडायचं कारण नाही. पहिल्यात तीन, दुसऱ्यात चार आणि तिसऱ्यात आठ आले, तर डोक्यातलं हातात उतरत नाही, लेखनिकच हवा. तिन्हींत तीनच आले तर धडा समजलेला नाही. तिथे सवलत मागण्याआधी शिकवणी बदला. ही तिसरी शक्यता पालकांना ऐकायला आवडत नाही, पण ती नववीत कळलेली बरी.

वाचनाचंही तसंच. प्रश्नपत्रिका मुलानं स्वतः वाचली तर किती समजते आणि कुणी वाचून दाखवली तर किती, हे एकदा पाहून ठेवा. अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला कोणत्या आकाराचा टाईप न अडखळता वाचता येतो, ते झेरॉक्सवाल्याकडून एकच पान मोठं-मोठं करून घेऊन तपासा. मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका मागताना हे ठाऊक असलेलं बरं.

या कागदांवर तारखा टाका, विषय शिक्षकांची सही घ्या आणि फायलीत लावा. मुख्याध्यापकांना शिफारस करताना आणि मानसशास्त्रज्ञांना निदान करताना हे कागद नुसत्या 'मागे पडतो' या शेऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतात.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. तिथेच रुग्णालय निवडायचं. नागपुरात बहुतेकांची पावलं मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांकडे वळतात. पोर्टलच्या यादीत आपल्याला हव्या त्या दिव्यांगत्वाची तपासणी कुठे दिसते ते पाहूनच निवडा, आणि तपासणीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्या. ग्रामीण भागातून, काटोल किंवा उमरेडहून येणाऱ्यांनी तर हे फोनवरच विचारावं. एक वार चुकला की आठवडा गेला.

सोबत न्यायचं ते: अर्जाची पावती, आधार कार्ड, राहण्याचा पुरावा, फोटो आणि जुने सगळे रिपोर्ट. ऐकण्याचा दोष असेल तर ऑडिओमेट्री, दृष्टीचा असेल तर चष्म्याचा जुना-नवा नंबर, हाता-पायाचा असेल तर शस्त्रक्रियेचे कागद. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. मुलाला उपाशी नेऊ नका, नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

आणि नाव. आधारवर एक, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुसरं, असं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या. आईचं नाव, आडनावातली वेलांटी, जन्मतारीख, सगळं. मंडळाकडे गेलेला प्रस्ताव दिव्यांगत्वाच्या वादापेक्षा नावातल्या फरकानं अडकल्याचं मी जास्त वेळा पाहिलंय.

२०२४ च्या नियमबदलानंतर यूडीआयडी कार्डाला रंग आलेत. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि वर निळं. कार्डावर किंवा प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असेल तर ती दहावीच्या मार्चपर्यंत पोचते का ते बघा. 'तात्पुरतं' प्रमाणपत्र आठवीत काढलं आणि नववीच्या दिवाळीत संपलं, असं होऊ शकतं.

अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिसग्राफिया (लेखनातली), डिसकॅल्क्युलियाची (गणितातली) वाट जरा लांब आहे. त्यात बुद्ध्यांक चाचणी होते आणि वाचन, लेखन, गणिताची स्वतंत्र चाचणी होते. केंद्राच्या नियमांनी त्यासाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला ठरवून दिली आहे. ही चाचणी एका बैठकीत संपतेच असं नाही. बुद्ध्यांकासाठी देशभर वापरल्या गेलेल्या चाचण्यांपैकी एक, मॅलिन यांची, भारतीय मुलांसाठी बेतली गेली ती इथे नागपुरात. आपल्या शहरातल्या शाळांना मात्र अजून 'हुशार आहे पण आळशी आहे' एवढंच निदान येतं, याचं मला दर वर्षी नव्यानं आश्चर्य वाटतं.

खासगी मानसशास्त्रज्ञांचा रिपोर्ट मुलाला शिकवण्यासाठी छान असतो. मंडळाच्या सवलतीसाठी मात्र अधिकार असलेल्या शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्रच लागतं. खासगी केंद्रात मोठी फी भरण्याआधी 'हे मंडळाला चालेल का' असं स्पष्ट विचारा, आणि उत्तर लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

काय मागायचं आणि काय सोडायचं

राज्य मंडळात प्रवर्गानुसार बऱ्याच सवलती आहेत: जादा वेळ, लेखनिक, प्रश्न वाचून दाखवणारा, कॅल्क्युलेटर, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, आकृत्या आणि नकाशांऐवजी पर्यायी प्रश्न, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित, वाढीव गुण. आपल्या मुलाच्या प्रवर्गाला यांतल्या कोणत्या लागू आहेत, ती यादी शाळेकडून किंवा थेट विभागीय मंडळाकडून घ्या.

यादी हातात आली की सगळ्यावर खूण करायचा मोह होतो. तिथे थांबा. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर यांनी मूल तोच पेपर देतं, फक्त वाट बदलते. विषय सोडण्याची सूट वेगळी. गणित सोडलं की अकरावी विज्ञान, पॉलिटेक्निक, अनेक डिप्लोमा तिथेच बंद होतात, आणि पंधराव्या वर्षी मुलाला पुढे काय आवडेल हे कुणी सांगावं? माझं मत असं: आधी कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ देऊन नववीची दोन्ही सत्रं पाहा. तरीही गणितात मूल अक्षरशः खचत असेल, तर सूट घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. भाषेच्या सुटीचं नुकसान तुलनेनं कमी असतं.

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या पालकांनी भाषांच्या तोंडी परीक्षेबद्दल शाळेशी वेगळं बोलावं. श्रवण आणि भाषणाचे गुण शाळाच देते. त्यासाठी लेखी किंवा खुणांच्या भाषेतला पर्याय वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्या.

प्रस्ताव

हे काम शाळेमार्फतच होतं. पालकांचा अर्ज, प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र, आणि दहावीच्या ऑनलाइन आवेदनपत्रात दिव्यांगत्वाचा रकाना व सवलती बरोबर भरलेल्या. मग नागपूर विभागीय मंडळाची मंजुरी. या मंडळाकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे येतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यात तिथे काय गर्दी होत असेल याचा अंदाज करा.

दहावीची आवेदनपत्रं साधारण दिवाळीच्या आगेमागे भरली जातात. म्हणून शाळेला अर्ज जून-जुलैमध्येच द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का बघा. फॉर्म भरताना लिपिकाशेजारी पाच मिनिटं उभं राहा आणि स्क्रीनवरचा तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. हे आगाऊपणाचं वाटलं तरी करा. रकाना रिकामा राहिला तर पुढे सगळं धावपळीनं निस्तरावं लागतं.

मंजुरीचं पत्र आलं की त्यात मागितलेली प्रत्येक सवलत आहे ना ते ताडून पाहा. 'लेखनिक' लिहिलंय आणि 'कॅल्क्युलेटर' राहिलाय, असं झालं तर केंद्र संचालक पत्रात जे आहे तेवढंच देणार, आणि त्यांचं चूक नाही.

शाळा अर्जच घेत नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि प्रत विभागीय मंडळाला द्या. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्याला वकील लागत नाही.

लेखनिक: इथेच खरी मेहनत

लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. दहावीसाठी नववीतला किंवा त्याखालचा. त्याच्या शाळेचं बोनाफाईड, ओळखपत्र, फोटो आणि त्याच्या पालकांची संमती घ्या. या वयाची मुलं सहसा शेजारी किंवा शाळेतच सापडतात. अडचण पुढे असते, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याही चाचण्या असतात. म्हणून दोघं तयार ठेवा. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे वेगवेगळ्या पेपरना वेगवेगळा लेखनिक चालतो, फक्त एका विषयाला एकच. मी तर भाषांना एक आणि गणित-विज्ञानाला एक अशीच वाटणी करते. ज्याचं अक्षर सुवाच्य तो भाषांना, आणि ज्याला वर्गमूळ, घातांक नीट मांडता येतात तो गणिताला.

निवडताना हुशार पोट्टा शोधू नका. जो सांगितलं तेवढंच लिहितो, कंटाळत नाही आणि तीन तास टिकतो, तो चांगला. हुशार लेखनिक मधेच 'अरे हे असं नाही' म्हणतो आणि पर्यवेक्षकानं ते ऐकलं की दोघांवर संकट.

आता सराव. सांगून लिहवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते कुणाला उपजत नसतं. पहिल्या दिवशी मूल पूर्ण उत्तर एका दमात सांगून मोकळं होतं, लेखनिक तिसऱ्या शब्दावर असतो, मग मूल चिडतं. यावर उपाय सोपा आहे: पाच-सहा शब्दांचा तुकडा सांगायचा, थांबायचं, लेखनिकानं 'हं' म्हटलं की पुढचा. पूर्णविराम, नवा परिच्छेद, अधोरेखन हेही तोंडानं सांगायचं.

गणितात तर याशिवाय भागतच नाही. 'एक्स अधिक तीनचा वर्ग' असं सांगितलं तर वर्ग फक्त तीनचा की पूर्ण कंसाचा? म्हणून सवय अशी लावायची: 'कंस सुरू, एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग.' अपूर्णांकात 'वर', 'रेघ', 'खाली'. भूमितीत आकृती सांगताना आधी आकार, मग शिरोबिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, मग मापं: 'त्रिकोण. वरचा बिंदू ए, उजवीकडे खाली बी, डावीकडे खाली सी. बी कोन काटकोन, खूण कर. एबी सहा, बीसी आठ.' दोघांनी मिळून असे संकेत ठरवून एका वहीत लिहून ठेवावेत. दोन आठवड्यांत जोडी जमते आणि वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

इंग्रजीत अवघड शब्दांचं स्पेलिंग मुलानं सांगायची सवय ठेवा, पर्यवेक्षकाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

ब्रेल वापरणाऱ्या मुलांसाठी ब्रेल पाटी, टेलर फ्रेम (गणित मांडायची पाटी), अबॅकस, उठावदार भूमिती साहित्य ही साधनं २०१८ च्या सूचनांनुसार नेता येतात. मात्र मंजुरीपत्रात त्यांचा उल्लेख असू द्या.

वेळेचं गणित

भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा, म्हणजे ६० मिनिटं जादा. गणित भाग एक, विज्ञान, इतिहास-राज्यशास्त्र असे ४० गुणांचे पेपर दोन तासांचे, म्हणजे ४० मिनिटं. गेल्या काही वर्षांपासून मंडळ सगळ्यांनाच शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं. ती तुमच्या सवलतीतून कापायची नसतात.

अकराचा मराठीचा पेपर मग तीनच्या पुढे जातो. सकाळी नऊ-साडेनवाला घर सोडलेलं मूल पार दुपारपर्यंत उपाशी. चार तास सलग बसायचा सराव घरी रविवारी करून घ्या, त्याच वेळेत, त्याच खुर्चीवर. आणि जादा वेळ कसा वापरायचा हेही ठरवा. नुसतं 'सावकाश लिही' म्हटलं तर मूल पहिल्या प्रश्नातच तो संपवतं. मी मुलांना सांगते, बाकीची मुलं उठायच्या वेळेपर्यंत तुझे सगळे प्रश्न एकदा हाताळून झालेले हवेत. नंतरचा वेळ राहिलेल्या आणि अर्धवट उत्तरांसाठी. बाकीची मुलं उठतात तेव्हा व्हरांड्यात गलका होतो, बाकं सरकतात, आणि नेमक्या त्या वेळी लक्ष उडतं. सराव घेताना त्या वेळी मुद्दाम दार उघडा, टीव्ही लावा.

केंद्रावर

हॉल तिकीट मिळालं की दोन-तीन दिवस आधी केंद्रावर जाऊन केंद्र संचालकांना भेटा. मंजुरीपत्राची झेरॉक्स द्या, मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. तळमजल्यावरची खोली, लेखनिक असेल तर वेगळी जागा, रॅम्प, आणि स्वच्छतागृह किती लांब आहे, हे सगळं प्रत्यक्ष बघा. पर्यवेक्षक रोज बदलतात, त्यामुळे पत्राची एक झेरॉक्स मुलाकडेही रोज असू द्या. प्रश्नपत्रिका हातात पडल्याची वेळ उत्तरपत्रिकेवर किंवा नोंदीत लिहिली गेली की नाही ते मुलानं पाहावं. उशिरा मिळाली तर तेवढा वेळ पुढे सरकतो.

परीक्षेआधी आठवडाभर गाडीवरून पडून हात मोडला, असंही होतं. त्याच दिवशी रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या आणि मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे लेखनिकासाठी अर्ज द्या. अशा वेळी मंडळ परवानगी देतं. लेखनिक आजारी पडला तर दुसऱ्याचे कागद तयार असले की बदल मागता येतो, म्हणून तर दोघं.

निकालानंतर

निकाल अपेक्षेपेक्षा फार वेगळा आला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. शुद्धलेखनाची सवलत मंजूर असूनही गुण कापलेत का, पर्यायी प्रश्न तपासलाय का, हे त्यात दिसतं, आणि मग पुनर्मूल्यांकनाला आधार मिळतो. मंजुरीपत्र, प्रमाणपत्र, नववीतले ते तीन प्रश्नसंच, सगळी फाईल तशीच जपा. बारावीला पुन्हा प्रस्ताव करावा लागतो. नीट, जेईईच्या अर्जात दिव्यांग असल्याचं आणि लेखनिक हवा असल्याचं स्वतंत्रपणे भरावं लागतं. तिथे शाळा मधे नसते, अर्ज मूल स्वतः भरतं, आणि दुरुस्तीची खिडकी थोडेच दिवस उघडी असते. २०२१ मध्ये मुंबईच्या केंद्रावर नीट देणाऱ्या, डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला तासाभराचा जादा वेळ नाकारला गेला होता. तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. चूक परीक्षा घेणाऱ्यांची आहे हे न्यायालयानं मान्य केलं, पण परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला नाही. नीटच्या केंद्रावर जाताना जादा वेळेचा नियम छापून मुलाच्या हातात द्या, आणि तो कमी दिला जातोय असं दिसलं तर तिथल्या तिथे, खोली सोडण्याआधी, केंद्रप्रमुखांकडे लेखी नोंद करायला शिकवा.